एक वीत पत्रा आणि मोकळे आभाळ

नवी मुंबईतल्या कामोठ्यात गाड्या सजवणाऱ्या दुकानात गेलात तर काउंटरवर सीटकव्हर आणि अत्तराच्या बाटल्यांशेजारी काळे, पांढरे, रुपेरी ‘शार्क फिन’ मांडलेले दिसतात. त्यातला एखादा उलटा करून पाहावा. बहुतेकांच्या तळाला दुहेरी चिकटपट्टी असते आणि पोटात काहीच नसते. मूळ अँटेनावर झाकण म्हणून किंवा नुसती शोभा म्हणून तो विकला जातो. “कुठे लावायचा?” असे विचारले की दुकानदार हात पुसत सांगतो, “टपावर, मागे, मधोमध. तिथेच बरा दिसतो.” कारण दिसण्याचे असले तरी जागा जवळपास बरोबर आहे. हीच जागा बरोबर का, दुसऱ्या कोणत्या जागा चालतात, कोणत्या अजिबात चालत नाहीत, आणि एवढे करूनही उपग्रहावरचा रेडिओ आपल्या गाड्यांमध्ये का रुजला नाही, याचा हा आढावा.

आपल्याकडे हा प्रश्न पहिल्यांदा आणला वर्ल्डस्पेस या उपग्रह रेडिओने. नोआ समारा या इथिओपियात जन्मलेल्या उद्योजकाने १९९० मध्ये ही कंपनी काढली. आफ्रिकेसाठीचा ‘आफ्रिस्टार’ उपग्रह ऑक्टोबर १९९८ मध्ये वर गेला. आशियासाठीचा ‘एशियास्टार’ २१ मार्च २००० रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू येथून एरियान-५ अग्निबाणाने सुटला आणि १०५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर जाऊन स्थिरावला. कंपनीचा भारतातला कारभार बेंगळुरूहून चाले आणि ए. आर. रेहमान तिचा चेहरा होता. जाहिरातींचा गोंगाट नसलेले, दिवसभर हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत देणारे ‘गंधर्व’ आणि जुन्या हिंदी गाण्यांचे ‘फरिश्ता’ ही चॅनेले ऐकण्यासाठी लाखाहून अधिक घरांनी वर्गणी भरली. संचाबरोबर एक चपटी चौकोनी अँटेना मिळे. ती खिडकीत ठेवून हळूहळू फिरवायची, संचावरची सिग्नलची पट्टी भरली की तिथेच सोडायची आणि घरातल्या मुलांना तिला हात लावू नका म्हणून दटावायचे, असा तिचा संसार होता.

कामोठ्याहून हा उपग्रह नेमका कुठे दिसे, हे भूमितीने काढता येते. दिशा पूर्व आणि आग्नेय यांच्या मधली, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे ११८ अंश. क्षितिजापासून उंची साडेसत्तेचाळीस अंशांच्या आसपास. आकडे डोळ्यांसमोर येत नसतील तर नवरात्राच्या सुमारास, ऑक्टोबरच्या पहिल्या दिवसांत, सकाळी दहा वाजता गच्चीवर जावे. त्या वेळी सूर्य आभाळात जिथे असतो, साधारण तिथेच एशियास्टार बाराही महिने असायचा. ज्या खिडकीत त्या वेळी ऊन येते त्या खिडकीत वर्ल्डस्पेस लागायचा. पश्चिमेकडे तोंड असलेल्या फ्लॅटमध्ये नाही. गाडीच्या बाबतीतही कसोटी हीच. त्या उन्हात टपावरचा जो भाग न्हातो, तो अँटेनाचा.

घर आणि गाडी यांत मात्र एक मोठा फरक आहे. घर हलत नाही. घरातली अँटेना उपग्रहाकडे तोंड करून तिरपी ठेवता येते. गाडी प्रत्येक वळणाला तोंड फिरवते, म्हणून तिच्यावरची अँटेना कुणा एकाकडे रोखून चालत नाही. ती सपाट निजवावी लागते, आकाशाकडे तोंड करून, जेणेकरून चारी दिशांना सारखेच ऐकू यावे. एका दिशेला रोखलेल्या अँटेनाची ताकद गमावून सगळीकडे थोडे थोडे ऐकण्याची सोय पत्करायची, हा गाडीवरच्या उपग्रह-अँटेनाचा मूळ सौदा. त्यामुळे हातात जेवढा सिग्नल उरतो, त्यातला एकही कण जागा चुकवून घालवणे परवडत नाही.

आता मापे. वर्ल्डस्पेस एल-बँडवर, म्हणजे सुमारे १४७० ते १४९० मेगाहर्ट्झवर बोले. त्या लहरीची लांबी सुमारे २० सेंटिमीटर, आपल्या मापाने एक वीत. गाडीतल्या जीपीएसचा मुख्य सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो, त्याचीही लांबी १९ सेंटिमीटर, वीतच. अमेरिकेतला उपग्रह रेडिओ २३२० ते २३४५ मेगाहर्ट्झवर आहे, तिथे लांबी १३ सेंटिमीटरवर येते. याच्या उलट एफएम रेडिओची लहर तीन मीटरची, जवळजवळ जुन्या मारुती ८०० एवढी. म्हणून एफएमला लांब काठी लागते आणि उपग्रहाला काडेपेटीएवढी डबी पुरते. प्रीमियर पद्मिनी गाडीच्या पुढच्या मडगार्डवर उभी असणारी, गल्लीतल्या पोरांनी हमखास वाकवलेली ती दुमडती काठी आणि आजचा शार्क फिन यांच्यातला फरक फॅशनचा कमी आणि तरंगलांबीचा जास्त आहे.

ही वीत आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवायची. डबीतली अँटेना एकटी काम करत नाही. तिच्या खालचा लोखंडी पत्राही तिच्याबरोबर काम करतो. पत्रा लहरीला आरशासारखा परतवतो, खालून येणारा गोंधळ अडवतो आणि अँटेनाचे सगळे लक्ष वर वळवतो. आपल्याकडचे ऑटो इलेक्ट्रिशियन याला ‘अर्थ’ म्हणतात आणि कधी कधी खरोखरच एक वायर काढून बॉडीला जोडून देतात. त्या वायरीचा इथे उपयोग नाही. हवा असतो तो डबीखालचा रुंद, सपाट, सलग पत्रा. डबीच्या चारी बाजूंना निदान एक वीत पत्रा सुटला पाहिजे. अगदी कडेला चिकटवलेल्या अँटेनाचे ऐकणे एका बाजूला कलते. जिकडे पत्रा जास्त तिकडे ते धावते. टपावर काठी लावणाऱ्या हौशी रेडिओचालकांना हे जुने ठाऊक आहे. त्यांच्या १४५ मेगाहर्ट्झच्या अर्धा मीटर उंच काठीलाही टपाचा मध्यच मानवतो.

म्हणजे दोन अटी झाल्या: वर मोकळे आभाळ आणि खाली वीतभर पत्रा. आता गाडीवर फिरून एकेक जागा या दोन अटींवर घासून पाहू.

टपाचा मध्य ही जागा दोन्ही अटी पुरेपूर पाळते. आसपास गाडीचा कोणताच भाग तिच्याहून उंच नाही, पत्रा चारी बाजूंना भरपूर. चुंबकाच्या डबीसाठी हीच पहिली पसंती. तक्रार एकच, आणि ती मालकाची असते: वायर दिसते.

टपाची मागची कड, जिथे दुकानदाराने बोट ठेवले, ती दुसरी. मागच्या काचेपासून एक वीत आत आणि दोन्ही बाजूंच्या मधोमध लावली तर फरक जाणवत नाही, आणि वायर मागच्या रबरी बीडिंगखालून डिकीत उतरते. कारखान्यातून येणारे खरे शार्क फिन इथेच असतात. आजकाल भारतात सनरूफचे वेड आहे. पॅनोरमिक सनरूफच्या गाडीत टपाचा बहुतेक भाग काच असतो आणि मागे पत्र्याची एक पट्टीच उरते. तिथे निवडीचा प्रश्नच राहत नाही. सनरूफच्या काचेवर किंवा तिच्या सरकण्याच्या वाटेवर डबी ठेवणारे लोक काच आणि डबी दोन्ही गमावतात.

डिकीचे झाकण तिसरे. सेडान गाडीत ते रुंद आणि सपाट असते, पण त्याच्या पुढे मागची काच आणि टप तिरका चढलेला असतो. गाडीच्या पुढच्या बाजूचे खालचे आभाळ त्यात झाकले जाते. उघडझाप होताना वायर बिजागरीत सापडते ती वेगळीच. ज्या गाडीचे छत कापडी आहे तिला मात्र यावाचून दुसरी जागा नाही.

बॉनेट आणि मडगार्ड या जागा एफएमच्या काठीसाठी योग्य होत्या, उपग्रहासाठी नाहीत. मागे केबिन उभी राहते, खाली इंजिनाची उष्णता आणि प्रज्वलनाची खरखर असते.

डॅशबोर्ड ही सगळ्यांची आवडती जागा, कारण भोक नाही, पाणी नाही, चोर नाही. तिची गंमत कामोठ्याच्या रस्त्यावर फार छान कळते. कामोठ्याहून सायन-पनवेल महामार्गाने वाशीकडे निघालो की गाडीचे तोंड एकंदरीत वायव्य-पश्चिमेकडे राहते. एशियास्टार बरोबर त्याच्या उलट, पाठीमागे. डॅशबोर्डवरच्या अँटेनाला आपल्या डोक्यावरचा लोखंडी टप आडवा येणार. संध्याकाळी घरी परतताना मात्र उपग्रह नेमका समोरच्या काचेतून दिसणार. म्हणजे ऑफिसला जाताना शुकशुकाट आणि येताना बागेश्री. एकाच उपग्रहावर अवलंबून असलेल्या सेवेला डॅशबोर्ड अर्धा दिवसच न्याय देतो. जीपीएसचे तसे नाही. त्याचे उपग्रह आभाळभर विखुरलेले असतात, त्यातले निदान चार दिसले की काम भागते, म्हणून मोबाइल डॅशबोर्डवर ठेवूनही नकाशा चालतो. तरी एक अडचण राहते: उन्हाची धग परतवण्यासाठी काही गाड्यांच्या काचेत किंवा तिच्यावरच्या फिल्ममध्ये धातूचा अतिपातळ थर असतो. डोळ्यांना तो पारदर्शक, पण लहरीला तो पत्राच.

मागच्या काचेच्या आत, धुके घालवणाऱ्या तापत्या तारांच्या मागे डबी ठेवणेही तसेच. तारांची जाळी लहरीची गाळणी होते. बंपरच्या आत किंवा आरशाच्या दांडीवर लावणारेही भेटतात. त्याबद्दल जास्त न लिहिलेले बरे.

हे सगळे साध्या मोटारीपुरते. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलला गेलो की प्रश्न बदलतो. तिथे न्हावाशेवा बंदराकडे जाणारे ट्रेलर उभे असतात. चाळीस फुटी हाय-क्यूब कंटेनर स्वतः २.९ मीटर उंच, तो ट्रेलरच्या मजल्यावर चढला की केबिनच्या वर आणि मागे लोखंडाची भिंत उभी राहते. टपाचा मध्य इथे पुढच्या कडेकडे सरकवावा लागतो. कंटेनरपासून जितके लांब तितके बरे. केबिनवर वारा कापण्यासाठी बसवलेली फायबरची टोपी असेल तर तिच्या पोटात अँटेना दडवता येते. फायबरमधून लहर आरपार जाते आणि चोराला, पावसाला, झाडाच्या फांदीला पत्ता लागत नाही. पण फायबर म्हणजे पत्रा नव्हे. खाली केबिनचा लोखंडी टप जवळ नसेल तर चारी बाजूंना वीतभर सुटेल एवढी लोखंडी पाटी घालून तिच्यावर डबी बसवावी. अ‍ॅल्युमिनियमच्या बांधणीच्या बसवर चुंबक चिकटतच नाही, तिथे चिकटपट्टी किंवा स्क्रू वापरावा लागतो. पत्रा म्हणून मात्र अ‍ॅल्युमिनियम लोखंडाइतकाच कामाचा. रिक्षाच्या रेक्झिनच्या हुडातून लहर सहज आत येते, पण खाली पत्रा नसल्याने अँटेना तोल सावरू शकत नाही.

आणि कॅरियर. टुरिस्ट गाडीच्या टपावरचे लोखंडी कॅरियर उपग्रहाला फारसे नडत नाही, त्यावरचे सामान नडते. गणपतीत पनवेलहून राष्ट्रीय महामार्ग ६६ ने, पळस्पे-कर्नाळ्यावरून कोकणात निघालेली गाडी डोळ्यांसमोर आणा. टपावर बॅगा, पत्र्याची ट्रंक, पाटाला बांधलेले मखर आणि सगळ्यावर ताडपत्री. कपड्यांची बॅग लहर अडवत नाही. पाण्याने भिजलेली गोधडी बरीच अडवते. ट्रंक पूर्ण अडवते. ज्यांच्या गाडीवर कॅरियर कायमचे आहे त्यांनी अँटेना मागच्या कडेला, सामानाच्या चौकटीच्या बाहेर ठेवावी. थोडा पत्रा कमी मिळाला तरी आभाळ मिळते, आणि दोहोंत निवड करायची वेळ आली तर आभाळच घ्यावे.

जागेइतकाच वायरीचा विचार व्हायला हवा. डबीतून येणारी बारीक वायर या लहरीला मीटरमागे सुमारे सव्वा डेसिबलने दमवते. त्यावर उतारा म्हणून डबीतच एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि त्याला वीज त्याच वायरीतून जाते. म्हणून ही वायर मध्येच कापून, पिळून, काळी टेप गुंडाळून जोडायची नसते. स्पीकरच्या वायरीला चालणारा हा आपला राष्ट्रीय उपाय इथे डबीचा जीव घेतो. जास्तीची वायर सैल वेटोळ्यात ठेवावी, घट्ट घडी घालू नये. दारावरून खाली आणताना बीडिंगच्या आत शिरण्याआधी वायरीला खालच्या बाजूला एक झोल द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी झोलाच्या टोकाशी टपकते आणि आत वाहत नाही. पुढच्या काचेशेजारच्या खांबात अनेक नव्या गाड्यांमध्ये पडद्यासारखी एअरबॅग घडी घालून ठेवलेली असते. वायर तिच्या पुढून नेली तर अपघातात बॅग उघडताना ती आडवी येऊ शकते. न्यायचीच तर तिच्या मागून, आणि ठाऊक नसेल तर त्या खांबाला हात न लावणे उत्तम.

टपाला भोक पाडावे की नाही, यावर जुना वाद आहे. भोक पाडून कायम बसवलेली अँटेना सर्वांत नेटकी, वायर लपते, डबी चोरीला जात नाही. पण कामोठे खाडीकाठचे गाव. पनवेलच्या खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या दमट वाऱ्यात रंगाचा एवढासा टवका उडाला तरी दोन पावसाळ्यांत तिथे तांबूस डाग पसरतो. भोकाच्या कडेला प्रायमर आणि सीलंट नीट न लावता दिलेले काम पुढे छताच्या आतल्या कापडावर पाण्याच्या नकाशासारखे उमटते. माझ्या एका गाडीत हा नकाशा तीन वर्षे वाढत राहिला. काम करणारा ‘काही होत नाही’ म्हणाला होता. चुंबकाची डबी त्यापेक्षा बरी, मात्र तिच्याखाली धूळ अडकते आणि महिनोन्‌महिने घासत रंग खाते. पंधरवड्याला एकदा उचलून पुसली की भागते.

पावसाची एक भीती मात्र मनातून काढावी. जुलैच्या मुसळधार पावसात घरातला डीटीएच बंद पडतो, कारण त्याची लहर अडीच-तीन सेंटिमीटरची असते आणि थेंब तिला गिळतात. वीतभर लहरीला पावसाचे थेंब फार बारीक पडतात. जीपीएस पावसात चालतो तो याचमुळे.

आता मुख्य कोड्याकडे येऊ. अँटेना अगदी टपाच्या मधोमध, पत्रा भरपूर, वायर नीट. तरी कामोठ्याच्या सेक्टरांमधून फिरताना वर्ल्डस्पेस तुटत राहिला असता. उपग्रह साडेसत्तेचाळीस अंशांवर असेल तर इमारतीची रेडिओ-सावली जवळपास तिच्या उंचीएवढीच पडते. सात मजली, एकवीस मीटर उंच इमारतीची सावली एकोणीस-वीस मीटर. म्हणजे पूर्वेला अशी इमारत असलेला बहुतेक रस्ता कडेपासून कडेपर्यंत सावलीत. सगळे दोष डोंगराला देतात, पण कर्नाळा आणि माथेरान कामोठ्याहून क्षितिजावर काही अंशच उठतात. उपग्रहाच्या खूप खाली. आड येतात त्या समोरच्या सोसायट्या, महामार्गावरचे उड्डाणपूल, आणि कळंबोलीला सुरू होणाऱ्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचे भाताण आणि माडपचे बोगदे. तिथे टपावरची कोणतीच जागा कामाची नाही.

अमेरिकेत हीच अडचण होती, उलट जास्त. एडिसनमध्ये, म्हणजे न्यू जर्सीतल्या ज्या गावाभोवती मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे तिथे, ११५ अंश पश्चिमेवरचा एक्सएम या उपग्रह-रेडिओ कंपनीचा उपग्रह २८ अंशांखालीच राहतो आणि ८५ अंशांवरचा ४२ अंशांवर. कामोठ्याला एशियास्टार या दोघांपेक्षा उंच होता. आभाळाचा निकाल कामोठ्याच्या बाजूने लागतो. तरी एडिसनच्या गाडीत रेडिओ अखंड वाजतो, कारण तिथे अँटेनावर सगळा भार टाकला नाही. एक्सएमने २००१ मध्ये सेवा सुरू केली ती दोन उपग्रहांवर, ‘रॉक’ आणि ‘रोल’. त्यातल्या एकाचा सिग्नल दुसऱ्याच्या सुमारे चार सेकंद मागून येतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने चार सेकंदांत गाडी ६५ मीटरहून जास्त पुढे जाते, म्हणजे पुलाखालचा अंधार संपेपर्यंत साठवलेले गाणे पुरते. पाठोपाठ आलेल्या सिरियस या दुसऱ्या कंपनीने तर उपग्रह विषुववृत्तावर न ठेवता लांबट कक्षेत फिरवले, म्हणजे ते उत्तर अमेरिकेत जवळजवळ डोक्यावर येत. आणि दोघांनी मिळून शहरांतल्या इमारतींवर शेकडो भूप्रक्षेपक उभारले, जे तेच कार्यक्रम जमिनीवरून पुन्हा पाठवतात. उंच इमारतींच्या गर्दीत गाडी उपग्रह ऐकतच नाही, शेजारच्या गच्चीवरचा प्रक्षेपक ऐकते. २००८ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. तिथे अँटेना डॅशबोर्डवर ठेवली तरी बऱ्याच जणांचे भागते ते यामुळे, आणि तिथले नातेवाईक ‘काही फरक पडत नाही’ असे सांगतात तेही यामुळे. त्यांचा अनुभव खरा आहे. फक्त तो प्रक्षेपकांचा अनुभव आहे.

भारतात हे प्रक्षेपक आले नाहीत. २००५ मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने उपग्रह रेडिओबाबत शिफारशी केल्या, पण धोरण रुळण्याआधी कंपनीच कोलमडली. ऑक्टोबर २००८ मध्ये मूळ कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज केला आणि ३१ डिसेंबर २००९ ला भारतातली सेवा बंद झाली. ज्यांनी पुढच्या वर्षाची वर्गणी भरली होती त्यांचे संच त्या रात्रीनंतर मुके झाले. जपान आणि कोरियाने गाडीसाठी उपग्रहसेवा प्रक्षेपकांसह चालवल्या, तरी त्याही टिकल्या नाहीत. आज कामोठ्यात गाडीत गंधर्वाचा सूर हवा असेल तर तो मोबाइलच्या टॉवरवरून येतो, आणि टॉवरला गाडीची दिशा विचारावी लागत नाही.

रेडिओ गेला, प्रश्न मात्र गेला नाही. उलट टपाची गर्दी वाढली. १ जानेवारी २०१९ पासून सार्वजनिक सेवेतल्या नव्या प्रवासी वाहनांना एआयएस-१४० मानकाचे स्थानदर्शक यंत्र आणि आणीबाणीचे बटण सक्तीचे झाले; तीनचाकी आणि दुचाकी त्यातून वगळल्या. या यंत्राला जीपीएसबरोबर ‘नाविक’ ही आपली देशी स्थानदर्शक उपग्रहमालाही ऐकावी लागते. नाविकचा ८३ अंश पूर्वेवरचा उपग्रह कामोठ्याहून सुमारे ६५ अंश उंचीवर, म्हणजे एशियास्टारपेक्षा खूपच अनुकूल, १२९.५ अंशांवरचा मात्र २४ अंशांखाली, इमारतीआड जाणारा. नाविकचे आधीचे उपग्रह ११७६.४५ मेगाहर्ट्झवर आणि एस-बँडवर बोलत. २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ पासून जीपीएसच्या ओळखीच्या १५७५.४२ वरही ते बोलू लागले. त्यामुळे एकच वीतभर लहरीची डबी दोघांना ऐकू शकते. बसविणारे कारागीर हे यंत्र चोरापासून लपवायला डॅशबोर्डच्या पोटात, लोखंडी चौकटीमागे कोंबतात आणि मग नकाशावर गाडी खाडीत पोहताना दिसते. प्लास्टिकखाली लपवावे, लोखंडाखाली नाही, एवढे पाळले तरी पुरते. शेजारी स्वस्त डॅशकॅम किंवा मोबाइलचा चार्जर असेल तर तो निदान हातभर दूर करावा. त्यांची खरखर जीपीएसच्या दुबळ्या सिग्नलाला बुडवते.

फास्टॅग हा या कुटुंबातला उलट्या स्वभावाचा पाहुणा. फेब्रुवारी २०२१ पासून तो चारचाकी आणि त्याहून मोठ्या वाहनांना सक्तीचा झाला. त्याचा संवाद उपग्रहाशी नसून टोलनाक्यावरच्या वाचकयंत्राशी असतो, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर, समोरून आणि थोड्या वरून. त्यात बॅटरी नाही. वाचकयंत्राच्या लहरीवरच तो जागा होतो. म्हणून त्याची जागा समोरच्या काचेच्या आतून, आरशामागे. मागे पत्रा आला तर तो आंधळा होतो. टपाचा मध्य इथे निरुपयोगी. म्हणजे ‘गाडीवर अँटेना कुठे’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. आधी विचारायचे की बोलायचे कुणाशी आणि तो कुठे उभा आहे.

हे तत्त्व गाड्यांपुरते राहिलेले नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये मासेमारी नौकांसाठीच्या उपग्रह-संपर्क यंत्रणेची सुरुवात झाली. एक लाख नौकांवर ट्रान्सपाँडर बसवण्याची ती योजना आहे. नौकेवर ना पत्र्याचा रुंद टप, ना इमारतींची सावली. तिथे डोलकाठी, शीड, दोरखंड आणि खारे पाणी यांपासून वाचवून, मोकळ्या आभाळाखाली डबी बसवायची. मोटारवाल्याच्या दोन अटींतली आभाळाची अट तिथे सहज पुरी होते, म्हणून खारे पाणी आत न जाऊ देणे हे जागा शोधण्याइतकेच मोठे काम ठरते.

सगळ्या जागा तपासून जे हाती लागते ते असे. एकाच उपग्रहावर चालणारी सेवा असेल तर टपाचा मध्य, नाहीतर मागच्या कडेपासून एक वीत आत, आणि दुसरे काहीही नाही. आभाळभर उपग्रह असतील तर डॅशबोर्डही चालेल, काच धातूची नसेल तर. जमिनीवर प्रक्षेपक असतील तर जागेवर वाद घालण्यात अर्थ नाही. वर्ल्डस्पेसच्या मागे इथे ना दुसरा उपग्रह होता, ना गच्चीवरचा प्रक्षेपक. टपावरच्या डबीने एकटीने जेवढे करायचे तेवढे केले असते, आणि तेवढे पुरले नसते.

दुकानातल्या त्या पोकळ शार्क फिनची मात्र काळजी नको. त्याला आभाळ लागत नाही, पत्रा लागत नाही, उपग्रहही लागत नाही. मागे, मधोमध, बरा दिसेल तिथे चिकटवून टाका.